एफ/११, पण कुठे मोजलेला?

मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर माझ्या सांगलीच्या स्टुडिओत वाद्यांच्या कॅटलॉगचे काम अधिक येऊ लागले. या कामाची अडचण अशी की तंबोरा साच्यातून निघत नाही. भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, तो पुरता वाळलेला असावा लागतो, मग तो कापणे, दांडी जोडणे, तबली म्हणजे भोपळ्यावरचे लाकडी झाकण बसवणे, नक्षी, पॉलिश, तारा, जवारी म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार साधणे अशा पायऱ्या होत होत एकेक वाद्य तयार होते आणि तयार झाले की बहुधा लगेच विकले जाते. त्यामुळे कारागीर सगळी वाद्ये एकदम आणून देऊ शकत नाही. एक दिवाळीआधी येते, दुसरे संक्रांतीनंतर, तिसरे ऐन उन्हाळ्यात. कॅटलॉगच्या एकाच पानावर मात्र ती तिन्ही शेजारी बसतात, आणि ती एकाच दुपारी एकाच उजेडात काढल्यासारखी दिसली नाहीत, तर गिऱ्हाईक त्या फरकाचा दोष छायाचित्रकाराला देत नाही, लाकडाला देते. पहिल्याचे पॉलिश चांगले, तिसऱ्याचे उतरलेले, असे त्याचे मत होते. म्हणून दिव्यांची मांडणी अशी लिहून ठेवावी लागते की सहा महिन्यांनी, स्टँड हलवलेले असताना आणि मधल्या काळात शंभर लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो होऊन गेलेले असताना, ती पुन्हा तशीच उभी करता येईल.

डिजिटल कॅमेरा प्रत्येक फाइलबरोबर बरीच माहिती आपणहून नोंदवतो. शटर, अॅपर्चर, आयएसओ, लेन्सची फोकल लांबी, तारीख आणि वेळ हे सगळे त्यात असते; त्यामुळे प्रकाशाचीही नोंद झाली असा समज सहज होतो. प्रत्यक्षात स्टुडिओच्या दिव्यांबद्दल ती फाइल जवळजवळ मुकी असते. ट्रिगरने उडवलेला फ्लॅश किती शक्तीवर होता, किती उंचीवर होता, त्याच्यापुढे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) होता की नुसती अंब्रेला, डाव्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोल उभे केले होते की अडवायला काळा पुठ्ठा, यातले काहीही तिला माहीत नसते. एका अर्थी कॅमेरा फक्त स्वतःची कहाणी सांगतो. ज्या गोष्टींमुळे ते छायाचित्र तसे दिसले, त्या सगळ्या कॅमेऱ्याच्या बाहेर, खोलीत असतात आणि संध्याकाळी आवराआवर करताना नाहीशा होतात.

यावर बहुतेक जण दोन उपाय करतात. मोबाईलवर मांडणीचा एक फोटो काढून ठेवतात, किंवा वहीत वरून पाहिल्यासारखा नकाशा काढतात: मध्ये वस्तू, खाली कॅमेरा, उजवीकडे एक चौकोन म्हणजे सॉफ्टबॉक्स, डावीकडे एक रेघ म्हणजे थर्माकोल. दोन्ही उपाय करावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. मोबाईलची लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळचा स्टँड आहे त्याहून मोठा आणि मागचा आहे त्याहून लांब दिसतो. अशा फोटोवरून अंतर काढायला जाणे म्हणजे स्वतःची दिशाभूल करून घेणे. दिव्याचे तोंड साधारण कुठे आहे, केबल कुठून गेली आहे, बूमच्या (दिवा पुढे धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मागे वाळूची पिशवी लावली आहे का, एवढे मात्र तो फोटो उत्तम सांगतो. नकाशाचा दोष निराळा आहे. वरून काढलेल्या नकाशात उंची उरतच नाही, आणि प्रकाशाच्या बाबतीत उंची ही फार मोठी गोष्ट आहे. दिवा डोळ्यांच्या रेषेत असला की माणूस सपाट दिसतो, तोच हातभर वर चढवला की नाकाची सावली ओठाकडे उतरते आणि चेहऱ्याला उठाव येतो. नकाशात मात्र दोन्ही वेळा तोच चौकोन तिथेच असतो. म्हणून वरून एक आणि बाजूने एक असे दोन नकाशे काढावे लागतात, घर बांधताना गवंड्याला प्लॅनबरोबर उभा छेदही लागतो तसेच.

मापे कुठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. ‘दिवा वस्तूपासून चार फुटांवर’ असे लिहिले तर वस्तूच्या कोणत्या टोकापासून, आणि दिव्याच्या कोणत्या भागापासून? तंबोरा चार-पाच फुटांचा असतो. भोपळ्यापासूनचे अंतर आणि खुंट्यांपासूनचे अंतर एक नसते. सांगलीत पावसाळ्यात कोणी ‘आयर्विनला किती?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, असे विचारले, तर उत्तर फुटांत येते आणि ते सगळ्यांना कळते, कारण पुलावरची ती पट्टी कुणाच्या अंगणातून मोजलेली नसते. तिचे शून्य ठरलेले आहे, चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे त्याच शून्यावरून ठरलेले आहे, म्हणून २००५ आणि २०१९ या दोन महापुरांची पातळी आजही एकमेकींशी ताडून पाहता येते. स्टुडिओतही असे एक न हलणारे शून्य लागते. माझ्याकडे ते फरशीत बसवलेल्या एका पितळी स्क्रूच्या डोक्याच्या रूपात आहे. वाद्य ठेवण्याच्या चौरंगाचा मध्य त्या स्क्रूवर येतो, आणि सगळी आडवी अंतरे तिथूनच मोजली जातात.

फरशीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फुकट मिळतो. दोन फुटी टाइल्सचे सांधे म्हणजे जमिनीवर आधीच आखलेला आलेख असतो. दिवा हवेत असतो, त्याची जागा जमिनीवर उतरवायची तर गवंड्याचा ओळंबा घ्यावा: सॉफ्टबॉक्सच्या कापडाच्या मध्यावरून दोरी सोडावी, ओळंब्याचे टोक जिथे स्थिरावेल तिथे खडूने फुली मारावी, आणि ती फुली स्क्रूपासून उजवीकडे किती आणि पुढे किती हे लिहावे. स्टँडच्या पायांची जागा लिहून उपयोग नसतो, कारण बूम किंवा तिरका दांडा असला की पाय एकीकडे आणि दिवा दुसरीकडे असतो. उंचीही कापडाच्या मध्याची लिहावी, दिव्याच्या बुडाची लिहू नये. कल मोजायला आता मोबाईलमधला कोनमापक पुरतो. तो सॉफ्टबॉक्सच्या कडेला टेकवून अंश वाचावेत.

इतकी काटेकोर मापे कशाला, असे वाटू शकते. याचे उत्तर अंतराच्या वर्गाच्या नियमात आहे: दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की पोहोचणारा प्रकाश निम्मा न होता चौथ्या भागावर येतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे). पण या नियमातली रोजच्या कामाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. दिवा एक मीटरवर असताना दहा सेंटिमीटर मागे सरकला तर सुमारे सतरा टक्के प्रकाश कमी होतो, म्हणजे पाव स्टॉपहून थोडा अधिक. तोच दिवा तीन मीटरवर असताना तेवढाच सरकला तर सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे स्टॉपचा जेमतेम दहावा भाग. जवळच्या दिव्याचे माप म्हणूनच सेंटिमीटरमध्ये घ्यावे लागते आणि लांबच्या दिव्याला ‘या टाइलच्या मध्यावर’ एवढे पुरते. सगळ्या दिव्यांना सारखीच काटेकोर मापे लावणारा माणूस वेळ घालवतो आणि जिथे खरा काटेकोरपणा हवा तिथे कंटाळलेला असतो. शिवाय हा नियम लहान ठिणगीसारख्या दिव्याला नेमका लागू पडतो. मोठा सॉफ्टबॉक्स वस्तूच्या अगदी जवळ आणला की नियम ढिला पडतो. तिथे गणित न करता फ्लॅश मीटर, म्हणजे पडलेला उजेड एफ/८, एफ/११ अशा अॅपर्चरच्या आकड्यांत सांगणारे यंत्र, वापरावे; आकडा मोठा तितका उजेड जास्त.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मांडणीच्या टिपणांत सर्वाधिक आढळणारे वाक्य ‘की लाईट (म्हणजे मुख्य दिवा) पाव पॉवरवर’ या धर्तीचे असते, आणि माझ्या मते ते सर्वांत कमी उपयोगाचे आहे. पाव पॉवर म्हणजे कशाचा पाव? चारशे वॅट-सेकंदांच्या फ्लॅशचा पाव आणि दोनशेच्या फ्लॅशचा अर्धा हे ऊर्जेच्या हिशेबात सारखे आहेत, पण त्यांच्या रिफ्लेक्टरांचा आकार वेगळा, नळीची जागा वेगळी, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश सारखा असेलच असे नाही. काही कंपन्या शक्ती अपूर्णांकांत दाखवतात, काही एक ते दहा अशा आकड्यांत, ज्यात एक आकडा म्हणजे एक स्टॉप असतो. त्यातच वस्तूही म्हाताऱ्या होतात: फ्लॅशची नळी जुनी होते, सॉफ्टबॉक्सचे पांढरे कापड धुळीने आणि उष्णतेने पिवळसर पडते, आतले दुसरे कापड कोणी तरी धुवायला काढते आणि परत लावायचे राहते. बटण तिथेच असते आणि वस्तूवर पडणारा उजेड मात्र बदललेला असतो. शक्ती कमी केल्यावर ज्या फ्लॅशमध्ये साठलेला चार्ज आपोआप उतरत नाही, त्यांचा पहिला झोत जुन्याच जोराचा येतो, ही आणखी एक गोम. त्यासाठी एकदा रिकामा उडवून मगच वाचन घ्यावे.

म्हणून नोंद दिव्याच्या बटणाची न ठेवता वस्तूवर पोहोचलेल्या प्रकाशाची ठेवावी. फ्लॅश मीटर वस्तूच्या जागी धरून प्रत्येक दिवा एकेकटा उडवावा आणि आकडा लिहावा, मग सगळे एकत्र उडवून पुन्हा लिहावा. एकेकटे वाचन का, हे ध्यानात घेण्यासारखे आहे: दोन दिवे वेगवेगळे एफ/८ देत असतील आणि त्यांचा उजेड एकाच जागी पडत असेल, तर दोन्ही मिळून एफ/११ होतो. केवळ एकत्रित एफ/११ लिहून ठेवला तर तो एका जोरदार आणि एका मंद दिव्याचाही असू शकतो, आणि तसे झाले तर आकडा जुळूनही चित्र जुळत नाही, कारण सावल्यांची खोली दिव्यांमधल्या प्रमाणावर ठरते. मीटर कसा धरला हेही लिहावे लागते. त्याचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे केला तर तो कॅमेऱ्याला दिसणाऱ्या एकूण उजेडाचा अंदाज देतो. घुमट दिव्याकडे वळवला, किंवा आत दाबून सपाट केला, तर त्या एका दिव्याचे बळ कळते. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एका रीतीने लिहिलेला आकडा दुसऱ्या रीतीने जुळवायला गेले की अर्धा-पाऊण स्टॉप कुठे गेला ते कळत नाही. आणखी एक बारकावा: अनेक मीटरांवर ‘८.५’ असे दिसते, त्याचा अर्थ एफ/८ आणि वर पाच दशांश स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यावर साधारण एफ/९.५. हाताखालचा नवा मुलगा ते साडेआठ समजतो. म्हणून मांडणीची नोंद ठेवतो त्या तक्त्यात आम्ही ‘एफ/८ + ५’ असेच लिहितो.

वाद्यावर वाचन कुठे घ्यायचे हेही आम्ही ठरवून टाकले आहे: तारा जिथे टेकतात त्या घोडीवर, भोपळ्याच्या उजव्या कुशीला, भोपळ्याच्या डाव्या म्हणजे सावलीच्या कुशीला, आणि वर खुंट्यांपाशी. याखेरीज वाद्यामागच्या पडद्यावर एक. त्या शेवटच्या वाचनाचे महत्त्व लवकर पटत नाही, पण मागचा करडा कागद गडद की फिका दिसणार हे त्याच्या रंगापेक्षा त्याच्यावर सांडणाऱ्या उजेडावर ठरते, आणि वाद्य पडद्यापासून वीतभर पुढे-मागे झाले तरी ते बदलते. सगळे फ्लॅश बंद ठेवून त्याच शटरवर एक फ्रेम काढावी. एफ/११, १/१२५, आयएसओ १०० ला ती पूर्ण काळी आली पाहिजे. नाही आली तर ट्यूबलाईट किंवा खिडकी चित्रात आगंतुकासारखी बसली आहे. ती काळी फ्रेम मी फाइलींबरोबर जपून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती चुकून गेली तर फोन येतो, तो भाग वेगळा.

एवढे करूनही चकाकणाऱ्या वस्तूचे काम निम्मेच झालेले असते. भोपळ्यावर लाखेच्या पॉलिशचे हात चढत गेले की तो आरशासारखा होतो, आणि फुगीर आरसा जवळजवळ सगळी खोली पोटात घेतो: सॉफ्टबॉक्स, छत, कॅमेरा, तिवईमागे उभा असलेला मी. मीटर भोपळ्यावर पडणारा उजेड मोजतो. भोपळ्यात काय दिसते ते त्याला कळत नाही. कॅटलॉगच्या पहिल्या चाचणीचे प्रिंट मी ही वाद्ये बनवणाऱ्या मिरजेच्या चाचांना दाखवले तेव्हा त्यांनी ते खिडकीशी नेऊन, चष्मा वर करून, बराच वेळ पाहिले. मग भोपळ्यावरच्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, ह्यात माझं पॉलिश कुठं आहे? हा तर तुमचा दिवा दिसतोय.” त्यांच्या म्हणण्यात प्रकाशशास्त्र पुरते होते. चकाकीचे चित्र म्हणजे दिव्याचेच प्रतिबिंब असते, आणि ते कुठे पडेल हे पडणाऱ्या आणि परतणाऱ्या किरणांच्या सारख्या कोनावरून ठरते. त्याला कठोर कडा असल्या की डोळा दिवा पाहतो. कडा विरत गेल्या की डोळा पृष्ठभाग पाहतो.

त्यानंतर आम्ही सॉफ्टबॉक्स आणि वाद्य यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव चौकटीवर ताणून उभा करू लागलो. भोपळ्यात आता दिवा दिसत नाही, तो कागद दिसतो. दिवा कागदाच्या जवळ नेला की कागदावर मध्ये तेजस्वी डाग आणि भोवती झपाट्याने उतरणारा उजेड असतो. लांब नेला की कागद सगळीकडे सारखा उजळतो आणि भोपळ्यावरची चकाकी रुंद, सपाट, काहीशी निर्जीव होते. म्हणजे येथे दोन अंतरे लिहायची: दिवा ते कागद आणि कागद ते वाद्य. पहिले अंतर चकाकीचा उतार ठरवते, दुसरे तिची रुंदी. डावीकडे कडेला काळ्या पुठ्ठ्याची एक उभी पट्टी लागते, नाहीतर भोपळ्याची कड पडद्यात विरघळते. तारांचा प्रश्न निराळा. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की योग्य कोनातून पॉलिशवरची चमक कमी होते आणि खालच्या लाकडाचा रंग वर येतो, पण धातूवरची चमक त्याला दाद देत नाही. त्यामुळे तारा चमकत राहतात आणि तबली शांत होते, ही आमच्या कामाला फार सोयीची गोष्ट आहे. मात्र फिल्टर किती फिरवला, याचा आकडा कुठेच उमटत नाही. त्याच्या कड्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन तो घड्याळाच्या किती वाजता आहे ते आम्ही लिहितो. फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, आणि मीटरला ते ठाऊक नसते, हेही तिथेच नमूद केलेले असते.

मग चकाकीची नोंद कोणत्या भाषेत करायची? बरीच खटपट केल्यावर मला एकच रीत पटली: ती वाद्याच्याच अवयवांच्या भाषेत करावी. ‘उजवीकडची चकाकी नक्षीच्या पानाच्या टोकाशी सुरू होते, भोपळ्याच्या पोटावरून खाली जाते, सर्वांत रुंद जागी दोन बोटे आहे, आणि बुडाच्या चार बोटे वर विरते, डाव्या कडेला काळी रेष केसाएवढी.’ हे वाक्य तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचे ठरते, कारण मापे लावून मांडणी उभी केल्यावर ती जुळली की नाही हे पाहण्याची कसोटी तेच आहे. दोन भोपळे कधीच एका आकाराचे नसतात. नव्या भोपळ्यासाठी कागद चार बोटे सरकवावा लागला तर खुशाल सरकवावा. चकाकी पानाच्या टोकाशी सुरू झाली पाहिजे.

रंगाबद्दल थोडक्यात. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाच्या जवळ, सुमारे ५५०० केल्विन धरतात, आणि जुने टंगस्टन दिवे ३२०० च्या आसपास. कापड पिवळे पडले किंवा फ्लॅश फार कमी शक्तीवर चालवला तर हा आकडा सरकतो, आणि तांबूस पॉलिशवर तो सरक चटकन दिसतो. प्रत्येक बैठकीची पहिली फ्रेम म्हणून करडे कार्ड आणि चोवीस रंगांच्या चौकटींचे कार्ड वाद्याच्या जागी धरून काढले की पुढच्या जुळवणीचे बहुतांश काम होऊन जाते. कार्डेही उन्हात विटतात, म्हणून ती पाकिटात ठेवावीत.

खिडकीच्या उजेडावर काम करणाऱ्यांना एक स्थानिक गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर स्थिर असतो, हे वाक्य परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आले आणि तसेच राहिले. सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवसभर उत्तरेकडेच राहतो. दुपारी तो इतका वर असतो की छज्जा त्याला अडवतो, पण सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट आत शिरते. त्यामुळे नैसर्गिक उजेडातल्या मांडणीच्या टिपणात ‘उत्तर खिडकी’ एवढे लिहिणे सांगलीत पुरेसे नाही. तारीख, घड्याळातली वेळ आणि आकाश कसे होते, हे तिन्ही लागते, आणि मे महिन्यातले टिपण डिसेंबरात वापरायला जाऊ नये. वाद्यांचे काम मी याच कारणाने खिडकी झाकून करतो.

जुन्या स्टुडिओंत या सगळ्याची नोंद कागदावर नसायची, जमिनीवर असायची. स्टुलाच्या चार पायांच्या जागा ऑइलपेंटने रंगवलेल्या, दिव्याच्या स्टँडची चाके कुठे थांबवायची तिथे खिळा, आणि त्यामुळे बाप आणि मुलगा यांनी वीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या चेहऱ्यांवर सावली एकाच जागी पडलेली. ती पद्धत मला आजही आदर्श वाटते, फक्त तिच्यात एकच मांडणी मावते. शिवाय जमिनीवरची खूण ‘कुठे’ सांगते, ‘का’ सांगत नाही. ते ‘का’ मालकाच्या डोक्यात असे, आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो या न्यायाने ते बहुधा तिथेच राही. आमच्या तक्त्यात म्हणून प्रत्येक साधनासमोर कारणाचा एक रकाना आहे. ‘काळी पट्टी: डावी कड पडद्यापासून सुटण्यासाठी.’ ‘मागचा दिवा, तीस अंशांची ग्रिड (उजेड अरुंद करणारी जाळी): फक्त खुंट्यांवर, दांडीवर सांडू नये.’ हा रकाना भरायला मुले कंटाळतात, पण काही बिघडले, ग्रिड सापडली नाही, दिवा दुरुस्तीला गेला, तर त्यावरूनच पर्याय शोधता येतो. कारण माहीत असेल तर ग्रिडच्या जागी काळ्या पुठ्ठ्याची नळीही चालते.

तक्ता पेन्सिलीने भरावा, असा माझा आग्रह आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात आणि मारुती रोडला पाणी शिरले तेव्हा कुणाच्या काय काय वह्या भिजल्या ते सर्वांनी पाहिले आहे. जेल पेनची शाई पसरून पाने निळी झाली आणि पेन्सिलीने लिहिलेले वाळल्यावर वाचता आले. भरलेल्या तक्त्याचा मोबाईलने फोटो काढून तो त्याच दिवसाच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये टाकला की दोन ठिकाणी प्रत राहते, आणि छायाचित्र उघडणाऱ्याला तक्ता शोधत फिरावे लागत नाही.

तक्ता पुरेसा आहे की नाही हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण तो वाचता वाचता राहिलेल्या जागा आठवणीने भरून काढतो. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझ्या एका मित्राचा स्टुडिओ आहे. मिरजेच्या चाचांचा एक तंबोरा तिकडच्या एका गायिकेकडे गेला होता आणि त्याचे छायाचित्र कॅटलॉगात हवे होते. वाद्य पुन्हा सांगलीला आणण्यापेक्षा मी त्याला तक्ता पाठवला. त्याचे फ्लॅश माझ्यापेक्षा जुने आणि कमी ताकदीचे, सॉफ्टबॉक्स अष्टकोनी. त्या दोन्हींचा काही त्रास झाला नाही. आकडे वस्तूवरचे असल्याने त्याने बटणे आपल्या हिशेबाने फिरवली, आणि भोपळ्याला ट्रेसिंग पेपरच दिसत असल्याने मागचा दिवा चौकोनी की अष्टकोनी हे चित्रात उतरलेच नाही. त्याने फोन करून विचारले ते वेगळेच. “वाद्य सरळ उभं आहे का मागं कललंय? आणि किती?” हा पहिला प्रश्न होता. मग थोड्या वेळाने, “डाव्या कुशीला तू एफ/४ + ३ लिहिलायस, माझ्याकडे एफ/२.८ च्या वर जाईना. तुझ्या डाव्या हाताला काय आहे रे?”

माझ्या डाव्या हाताला भिंत होती. पांढरी, वाद्यापासून मीटर-सव्वा मीटरवर, आणि ती इतकी वर्षे बिनबोभाट फिल लाईटचे, म्हणजे सावली उजळण्याचे, काम करत होती. ती स्टँडवर नव्हती, विकत आणलेली नव्हती, म्हणून साधनांच्या यादीत ती कधी आली नव्हती. मित्राच्या खोलीत त्या बाजूला भिंत बरीच लांब आणि तीही फिकट हिरवी. त्याने हिरवी भिंत काळ्या कापडाने झाकली, थर्माकोलचा पूर्ण ताव माझ्या भिंतीच्या अंतरावर उभा केला, आणि डाव्या कुशीचे वाचन दोन दशांशांच्या आत जुळले. आता तक्त्याच्या पहिल्या ओळीत खोलीच असते: छताची उंची, चारही भिंतींचे रंग, स्क्रूपासून त्यांची अंतरे, आणि वाद्याचा कल अंशांत.

त्याचे चित्र आले तेव्हा सगळे आकडे बरोबर होते आणि उजवीकडची चकाकी मात्र माझ्यापेक्षा बोटभर अरुंद आली होती, कारण त्याचा ट्रेसिंग पेपरचा ताव मुळातच लहान होता. मी दोन्ही प्रिंट चाचांपुढे ठेवले, कोणते कुणाचे हे न सांगता. त्यांनी पुन्हा चष्मा वर केला, खिडकीशी गेले, आणि साताऱ्याचे उचलले. “ह्यात भोपळा गोल वाटतो.” त्यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की चालू कॅटलॉगाची उरलेली वाद्ये जुन्याच तक्त्याप्रमाणे काढायची, साताऱ्याचे चित्रही मोठा ताव लावून त्याने पुन्हा काढायचे, आणि लहान तावाचा नवा तक्ता पुढच्या खेपेपासून लागू करायचा. तो तक्ता मित्रानेच भरून पाठवला आहे. कारणाच्या रकान्यात त्याने चाचांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे.